कोंडाजी फर्जंदाची बाजू

दरवर्षी स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की आमच्या शाळेतील मुलांत ऐतिहासिक प्रवेश बसविण्याची लगबग सुरू होते. कोणी तानाजी होतो, कोणी बाजीप्रभू, कोणी प्रतापराव गुजर. टाळ्याही भरपूर पडतात. परंतु 'मी कोंडाजी फर्जंद होतो' असे म्हणणारा मुलगा आम्हांस अद्याप भेटलेला नाही. एकदा आम्हीच ते नाव सुचविले, तेव्हा उत्तर मिळाले, "त्यात काही घडतच नाही, गड लगेच मिळतो." गड लगेच मिळाला, हा त्या मोहिमेचा दोष कसा ठरतो, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही करावा, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्या सोनपेठच्या बाजूस, गोदाकाठच्या सपाट रानांत वाढलेल्या मुलांस डोंगरी किल्ल्याची कल्पना येणे थोडे कठीणच. पन्हाळा हा कोल्हापूरजवळचा विस्तीर्ण गड. त्याच्या कित्येक बाजू ताशीव कड्यांच्या आहेत. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत तो आहे. शिवाजी महाराजांनी तो १६५९ च्या नोव्हेंबरात, अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा वेढा पडला. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले, त्यासाठी बाजीप्रभूंनी घोडखिंडीत प्राण वेचले. पण पन्हाळा विजापूरकरांच्या हाती गेला. १६६६ च्या जानेवारीत महाराजांनी रात्री हल्ला करून पाहिला. गडावरील लोक सावध होते. सुमारे एक हजार माणसे खर्ची पडली आणि रिकाम्या हाती परतावे लागले.

हा धडा विसरला गेला नाही. १६७३ साली अनाजी दत्तो यांस पुन्हा त्याच कामावर नेमले, आणि गडावर चढण्याची जोखीम कोंडाजी फर्जंदाने पत्करली. त्याने मोठी फौज न मागता साठ गडी निवडून घेतले. निघण्यापूर्वीच महाराजांनी त्याच्या हाती सोन्याचे कडे घातले, असे सांगतात. ६ मार्चच्या काळोख्या रात्री हे साठ जण कड्याच्या अंगाने वर चढले. अनाजी राखीव लोक घेऊन खाली रानात थांबले. चढताना कोणी शब्द काढला नाही. माथ्यावर पाय टेकताच मात्र सर्वांनी मिळून कर्णे फुंकले. झोपेतून उठलेल्या पहारेकऱ्यांस वाटले, मराठ्यांची सारी फौजच आत शिरली. एकच गोंधळ उडाला. किल्लेदार लढाईत पडला, नागोजी पंडित पळून गेला, आणि जो गड हजार माणसांस मिळाला नव्हता तो साठांस मिळाला. त्याच काळच्या जयराम पिंड्ये कवीने या प्रसंगावर एक संपूर्ण संस्कृत काव्य रचले. त्या काळास ज्याचे इतके मोल वाटले, ते आपणांस नीरस वाटावे, हे नवल होय.

या अनास्थेचे कारण आम्हांस असे दिसते, की पराक्रम मोजण्याचे आपले माप रक्ताचे झाले आहे. ज्या मोहिमेत नायक पडतो ती थोर, आणि ज्या मोहिमेतून माणसे घरी परततात ती किरकोळ, असे आपण नकळत धरून चालतो. तानाजी व बाजीप्रभू यांच्या बलिदानापुढे आमचे मस्तक सदैव नम्र आहे. परंतु ते पडले, कारण पडल्यावाचून गत्यंतर नव्हते. मरण टाळून तेच कार्य साधणारा मनुष्य कमी शूर कसा? चाललेल्या लढाईत आवेश येतो आणि तो मनुष्यास पुढे ढकलतो. अंधारात कड्याला चिकटून, एक खडा निसटला तर आपल्याबरोबर साठांचा घात होईल हे जाणून, श्वास आवरून वर चढणे यास निराळेच धैर्य लागते.

आमच्या शाळेत दररोज ज्या ग्रंथाचे वाचन होते, त्यातही हीच शिकवण आहे. गिदोनापाशी बत्तीस हजार लोक जमले होते. देवाने त्यांतून तीनशेच राखण्यास सांगितले. त्या तीनशेंनी मध्यरात्री रणशिंगे फुंकली, मडकी फोडली, मशाली उजळल्या, आणि मिद्यानी सैन्याची दाणादाण उडाली. गिदोनाचा पाठ आवडीने वाचणाऱ्या मुलांनी कोंडाजीस परका मानू नये.

आजच्या मुलांस जवळचे उदाहरण हवे असेल तर तेही देतो. २०१३ साली निघालेला 'पेडे टू' नावाचा एक संगणकीय खेळ आहे. त्यात चौघे मिळून तिजोऱ्या लुटतात. तो प्रौढांसाठी आहे, आणि चोरीचे कौतुक आम्हांस मुळीच कर्तव्य नाही. तथापि त्यात 'शॅडो रेड' नावाची एक मोहीम आहे, ती मुळीच गाजावाजा न करता पार पाडावी लागते. एकाच्या हातून चूक होऊन घंटा वाजली, की चौघांचाही डाव बुडतो. गोळीबाराची सवय झालेले पुष्कळ खेळाडू अशा मोहिमांस कंटाळतात. खेळ बदलला, तरी तक्रार तीच : "त्यात काही घडतच नाही." आमचे म्हणणे असे, की तेथेच सर्वांत अधिक घडते, फक्त ते दिसत नाही. सोबत्यावर पूर्ण विश्वास टाकणे आणि स्वतःचा उतावळेपणा आवरणे, यांचा खरा कस अशाच कामात लागतो.

शाळेत आणि घरीही आपण हेच विसरतो. संमेलनात तलवार गाजविणाऱ्या मुलास बक्षीस मिळते. नेमक्या वेळी पडदा ओढणाऱ्या मुलाचे नाव कोणी विचारीत नाही. पालकांसही आमची विनंती, की ज्या मुलाची तक्रार कधी घरी येत नाही, त्याच्या पाठीवरूनही एकदा हात फिरवावा.

आणि विद्यार्थ्यांस इतकेच सांगणे, की येत्या संमेलनात कोंडाजीचा प्रवेश बसवा. प्रथम रंगभूमीवर अंधार असू द्या, आणि साठांच्या जागी सहाच गडी असले तरी चालेल. ते निःशब्द वर चढत असता प्रेक्षकांनीही श्वास रोखून धरला, तर कर्णे वाजण्यापूर्वीच तुमची मोहीम फत्ते झाली असे समजा.