गंज काढा, वय काढू नका

'जुने ते सोने' ही म्हण आपण सारेच वापरतो. पण सोन्याला गंज चढत नाही आणि लोखंडाला चढतो, एवढा एकच फरक पडला की आपण म्हण विसरतो आणि भंगारवाल्याला हाक मारतो. आपल्या जोयडा तालुक्यात हिंडणाऱ्याला याचा पुरावा शोधावा लागत नाही. रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा, कोठेही जा. एखाद्या गोठ्यामागे किंवा फणसाखाली जुनी जीप दिसते. चाकांच्या जागी चिरे लावलेले, बॉनेटवर वाळत घातलेली सोले, आणि सीटच्या स्प्रिंगांतून वर आलेला रानवेल. अशा गाड्यांचे काय करावे, याविषयी मला माझे मत मांडायचे आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. पण हा प्रश्न केवळ यंत्राचा आहे, असेही मला वाटत नाही.

जुन्या गाडीला पुन्हा जीव देण्याचा छंद अमेरिकेत फार मोठा आहे. १९६४ साली तेथे पॉन्टिअ‍ॅक जी.टी.ओ. नावाची गाडी आली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे, ही त्यातली युक्ती. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात; आपण पिळदार गाडी म्हणू. विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या गाड्यांची सद्दी संपवली. आज एखाद्या शेतघरामागे अशी गंजलेली गाडी सापडली, तर लोक तिच्या इंजिनावरचा नंबर मूळ गाडीशी जुळतो का ते पाहतात आणि वर्षानुवर्षे खपून ती उभी करतात. ती गाडी आपल्या रस्त्यांवर कधी रुळली नाही. आपली पिळदार गाडी म्हणजे जीप. तिची कुस्ती वेगाशी नव्हती, चिखलाशी होती.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. आपल्याकडे ती रुजवली महिंद्र कंपनीने. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने ती स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. मुंबईत माझगावला जीपचे सुटे भाग जोडण्याचे काम सुरू झाले आणि पुढे संपूर्ण गाडीच येथे बनू लागली. आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली उंच बॉनेटची जीप ती सी.जे. ३बी जातीची. तिचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन सुमारे २,२०० सी.सी.चे. आतली हवा घेणारे व्हॉल्व्ह वर आणि धूर सोडणारे बाजूला, अशी त्याची रचना. म्हणून इंजिन उंच झाले आणि म्हणून बॉनेटही. अमेरिकेत ही जात १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे तिचा तोंडवळा त्यानंतर कित्येक दशके टिकला.

आपल्या तालुक्याचा अलीकडचा इतिहास या गाडीशिवाय लिहिता येणार नाही. या तालुक्याचे नावच पूर्वी सुपा होते. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि अनेक कुटुंबे रामनगरला वसली. मोजणी करणारे आले ते जीपने, नोटिसा आल्या त्या जीपने. पण आमच्या गावात जीप म्हणजे केवळ सरकार नव्हते. एस.टी. पोहोचत नव्हती तेथे बाळंतीण दांडेलीला नेली ती जीपने, मतपेट्या आल्या त्या जीपने, आणि उळवीच्या जत्रेला एका जीपमध्ये किती माणसे मावतात, याचा हिशेब आजवर कोणाला जमलेला नाही.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगतो, कारण वाद तेथूनच सुरू झाला. माझ्या काकांची १९६८ सालची जीप बारा वर्षे परसात उभी आहे. काका म्हणतात, "अरे, लोखंडच ते. एक टन भरेल, विकून टाकू." माझा चुलतभाऊ गणेशगुडीला पर्यटकांच्या हाताखाली काम करतो. त्याला ती लाल रंगाची, रुंद टायरांची, मोठ्या आवाजाची करून हवी आहे. मी तिसरा. मला ती जशी होती तशी चालती करून हवी आहे. या तीन मतांत तुमचेही एखादे मत असणारच.

काकांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. रोज धूर ओकत धावणाऱ्या जुनाट गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे योग्यच आहे. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवली जात नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची काही खास वाहने सोडली, तर बाकीच्या मोडीत निघतात. धोरण म्हणून हे ठीक आहे. पण शंभर गाड्या मोडताना एकही ठेवायची नाही, असे कोणते शहाणपण सांगते? जुने ग्रंथ वाळवी लागली म्हणून आपण सगळेच्या सगळे जाळत नाही.

चुलतभावाच्या मताला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. एक तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. दुसरे असे की, अशा सजावटीत गंज जात नाही, झाकला जातो. येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्या फटींतून पाणी आणखी आत शिरते. अ‍ॅल्युमिनियमवर चढणारा थर त्या धातूला राखतो; लोखंडावरचा गंज लोखंडालाच खातो. त्यावर पुट्टी भरून चकचकीत रंग मारला, तर आतला ओलावा कोंडला जातो आणि आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात.

खरी दुरुस्ती संथ असते. चासीच्या पोकळ पट्ट्यांत साठलेली माती आधी खरवडून काढावी लागते, कारण पाणी तेथेच मुरते. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तेवढाच नवा जोडावा लागतो. लहान भागांसाठी तर एक स्वस्त उपाय आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी करावे, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा टाकाऊ लोखंडी तुकडा धन टोकाला जोडावा. रात्रभरात गंज सुटतो आणि चांगले लोखंड शाबूत राहते. हे उघड्यावर करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते. जॅम झालेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारणारा माणूस इंजिनाचा वैरी समजावा. प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, आठ दिवस वाट पाहावी आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या भागातल्या एका वयस्क मेस्त्रींकडून ऐकले. ते पोराशी कन्नडमध्ये बोलतात, गिऱ्हाइकाशी कोकणीत, पैशांचा हिशेब मराठीत करतात, आणि न सुटणाऱ्या बोल्टाला शिव्या द्यायची वेळ आली की तिन्ही भाषा एकत्र येतात. सीमाभागातल्या ऐक्याचे एवढे प्रभावी उदाहरण मी दुसरे पाहिले नाही. पाना कानाजवळ धरून, त्याचे दुसरे टोक इंजिनाला लावून ते कोणता व्हॉल्व्ह बोलतो ते सांगतात. त्यांच्याकडे आज शिकायला कोणी नाही. नव्या गाड्यांत बिघाड संगणक सांगतो आणि पूर्ण भागच बदलला जातो. मग ऐकायचे कोणी आणि कशासाठी? मेस्त्री गेले की ते ज्ञान जाईल. जीप भंगारात गेली तर निदान तिचे लोखंड वितळून पुन्हा कामी येते; मेस्त्रींच्या कानातली विद्या वितळवून दुसऱ्या साच्यात ओतता येत नाही.

आता सर्वांत कठीण प्रश्न. काकांच्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन नाही. पेट्रोल परवडेना म्हणून १९८० नंतरच्या दशकात त्यांनी, अनेकांप्रमाणे, डिझेल इंजिन बसवून घेतले आणि आर.सी. बुकात तशी नोंद केली. जुने इंजिन गोठ्यात पोत्याखाली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खासगी दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. शिवाय प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांखेरीज ती रस्त्यावर आणता येत नाही, आणि भाड्याने तर मुळीच नाही. म्हणजे चुलतभावाची आशा येथेही संपली.

मग ती मानाची पाटी मिळावी म्हणून डिझेल इंजिन काढून फेकावे काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची जीप हीच खरी, आणि नंतरची चाळीस-पन्नास वर्षे म्हणजे तिच्यावर चढलेला मळ, असे मला मानवत नाही. पेट्रोल इंजिनाने ती मुंबईहून आमच्या गावी आली. पण बाळंतिणी, भाताची पोती आणि शाळेची बाके वाहिली ती डिझेल इंजिनाने. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या तुरीनच्या सनदेतही, दुरुस्त केलेले जुने वाहन अगदी नवे कोरे दिसलेच पाहिजे असे नाही, अशा आशयाचा विचार आहे. तेव्हा डिझेल इंजिन राहू द्यावे, नेहमीची नोंदणी रीतसर तपासणी करून चालवावी, आणि गोठ्यातले इंजिन साफ करून शेजारी ठेवावे. बाजूच्या पत्र्यावर जेथे पोती घासून रंग उडाला आहे, तेथे गंजरोधक थर द्यावा, पण ती खूण बुजवू नये. गंज काढायचा तो गाडी वाचावी म्हणून. वय काढले तर वाचले काय, हा प्रश्न उरतो.

खर्चाचे काय, असे विचारणारे मित्र आहेत, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. शौक म्हणून एकट्याने करायला गेल्यास हे काम सामान्य घराला झेपणारे नाही. म्हणूनच माझी सूचना आपल्या महाविद्यालयापुढे आहे. धर्मस्थळाला आणि गोव्यात नुवे येथे जुन्या मोटारींचे संग्रह आहेत. तेथे जाऊन आपण कौतुक करून येतो. आपल्या तालुक्यासाठी एकच जीप पुरे. मोडीत निघणारी एखादी सरकारी जीप प्रदर्शनासाठी मिळावी म्हणून महाविद्यालयाने रीतसर अर्ज करावा. नाहीच मिळाली, तर काकांचे मन वळवण्याची जबाबदारी मी घेतो. जवळच्या आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. रसायनशास्त्र विभागाने गंजाचे पिंप सांभाळावे, इतिहास विभागाने ती जीप कोणाकोणाला घेऊन कोठे गेली याच्या आठवणी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून काढाव्यात, वाणिज्य विभागाने पै-पैचा हिशेब ठेवावा. मेस्त्रींना मानधन द्यावे आणि व्यासपीठावरच्या खुर्चीऐवजी त्यांना आवडेल असे एक स्टूल द्यावे.

कोणी म्हणेल, पदवीच्या विद्यार्थ्यांनी हात काळे का करावेत? मला वाटते, पदवी घेऊनही साधा बोल्ट न खोलता येणे, बिघडलेली वस्तू पाहिली की 'नवी घेऊ' याखेरीज काही न सुचणे, हाही एक गंजच आहे, आणि तो लोखंडापेक्षा लवकर पसरतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की परसातली प्रत्येक जीप आणखी थोडी मातीत जाईल. निर्णय मेअखेरपर्यंत झाला, तर ताडपत्री आणण्याचे काम माझ्याकडे लागले.