परदेशी रोपाची झडती

आपल्या हैदराबादेतील ज्या घरांतील मुले आखातात किंवा अमेरिकेत नोकरीस आहेत, त्या घरांत एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. मुलाने वा सुनेने हौसेने आणलेले गुलाबाचे कलम, मुळांशी ओली माती बांधलेले एखादे रोप विमानतळावर काढून घेतले जाते. मग घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘‘एवढ्याशा रोपाने सरकारचे काय बिघडणार होते?’’ या प्रश्नाचा विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

परदेशी वनस्पतींशी आमचे वैर नाही. असणार तरी कसे? आम्ही कोकणी माणसे. ज्या काजूवाचून आमचे सणवार अडतात, तो पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. इथल्या पंगतीत ‘मिर्ची का सालन’ मिटक्या मारीत खाल्ले जाते. त्यातील मिरची आणि भुईमूग हे दोघेही मूळचे अमेरिका खंडातील पाहुणेच होत. परंतु पाहुणा एकटाच येत नसतो, ही खरी अडचण आहे.

आपल्या मैदानाच्या कडेला पांढऱ्या फुलांचे जे गाजरगवत माजलेले दिसते, तेच पाहा. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत भरले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानतात. कोणी ते मुद्दाम आणले नव्हते. पुढे मात्र त्याने देशभरातील पडीक जमिनी, रेल्वेचे काठ, शेतांचे बांध व्यापले. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते, परागांमुळे दमा बळावतो. मायदेशी त्याला खाणारे किडे होते, इथे कोणी नव्हते. मग ते फोफावेल नाही तर काय!

किडीची अंडी, बुरशीचे कण, मातीतील सूत्रकृमी हे तर डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणूनच कायदा मातीवर विशेष कडक आहे. मूळ कायदा १९१४ चा, सध्याचा आयात-आदेश २००३ चा. रोपे वा पेरण्याचे बी आणावयाचे तर आधी परवाना हवा, निघताना त्या देशाच्या अधिकाऱ्याचा वनस्पती-आरोग्याचा दाखला हवा, आणि येथे उतरल्यावर पुन्हा तपासणी. कीड आढळली तर विषारी धुरी देतात, माल परत पाठवितात किंवा नष्ट करतात. काही रोपांना तर, करोनाच्या साथीत आपण अनुभवले तसे, विलगीकरणात राहावे लागते.

यातून विद्वानांचीही सुटका नाही. पाटणचेरूस १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे देशोदेशींचे लाखाहून अधिक वाण जपले आहेत. परदेशाहून तेथे येणारे बियाणे राजेंद्रनगरच्या सरकारी केंद्रात तपासले जाते. ते निराळ्या जागी पेरून पाहतात आणि निरोगी ठरलेल्या झाडांचेच बी पुढे देतात. संशोधकाने एक हंगाम थांबावयाचे आणि आमच्या पिशवीतील कलमाने मात्र थेट अंगणात जावयाचे, हा कोणता न्याय?

उलट, नीट पारखून घेतल्यास परकी वस्तू उपकारकही ठरते. गाजरगवतावर तुटून पडणारा मेक्सिकन भुंगा अशाच कोंडवाड्यात ठेवून, तो आपली पिके खात नाही ना, हे पाहूनच १९८४ साली बंगळुरूस मोकळा सोडण्यात आला. त्याने गवताचा नायनाट केला असे नव्हे. पण पावसाळ्यात तो ते फस्त करताना दिसतो.

आमची तक्रार आहे ती निराळीच. हे नियम सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. प्रवाशाने सीमाशुल्काच्या कागदावर बी-रोपांसंबंधीचा रकाना खरेपणाने भरावा, ही अपेक्षा रास्तच. पण रोप काढून घेताना त्याचे कारण दोन वाक्यांत तेलुगू, उर्दू वा मराठीत सांगण्यास कितीसा वेळ लागतो? तोवर हे काम विद्यार्थ्यांनीच पत्करावे. परदेशी असलेल्या दादाला वा ताईला पुढच्या खेपेस फोन कराल, तेव्हा कलमांचा विषय आठवणीने काढा. गुलाबच हवा असेल, तर तो इथल्या रोपवाटिकेतही मिळतो.