मांडी म्हणजे पट्टा नव्हे

गेल्या दिवाळीत माझी लेक अमेरिकेहून दीड वर्षाच्या नातवाला घेऊन बेळगावात आली. सांबऱ्याच्या विमानतळावर मी आणि जाऊबाई ओवाळायच्या उत्साहात उभ्या. लेक बाहेर आली ती एका काखेत पोर आणि ढकलगाडीवर पोराची भलीमोठी खुर्ची घेऊन. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं, हे काय धूड आणलंस?"

गाडीपाशी खरी गंमत झाली. जाऊबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि हात पसरून म्हणाल्या, "दे इकडं बाळाला, मी घेते मांडीवर." लेक म्हणाली, "नको काकू, तो मागे त्याच्या सीटमध्ये बसेल." मग पंधरा मिनिटं ती पट्टा ओढून ती खुर्ची बसवत राहिली. जाऊबाईंचं तोंड उतरलं. खरं सांगते, माझंही उतरलं. आज्जीची मांडी असताना पोराला खुर्चीत बांधायचं? घरी बघायला आलेल्या बायकांनीही हेच ऐकवलं, "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?"

चार दिवसांनी शहापुरातून किराणा घेऊन येताना दहा किलो तांदळाची पिशवी मी मांडीवर धरली होती. आडवं कुत्रं आलं, ह्यांनी ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता. तरी पिशवी माझ्या हातातून सुटून पायाशी पडली. मी दोन्ही हातांनी धरली होती, तरी! लेक मागून एवढंच म्हणाली, "आई, त्याचंही वजन दहा किलोच आहे."

त्या दिवसापासून माझी बाजू बदलली. म्हणूनच हा लेख.

बायांनो, प्रेमानं हाताला बळ येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली तर दहा किलोचं मूल धरून ठेवायला दोनशे किलो उचलण्याइतकं बळ लागतं. कुठल्या आईच्या, कुठल्या आज्जीच्या मनगटात ते आहे? आणि "आमची मुलं वाढली" हा मुद्दा तर मुद्दाच नव्हे. ज्यांची वाढली नाहीत, त्या आया अशा गप्पांत बोलायला येत नाहीत.

आता विमानाचं. लेकीनं बाळाचं वेगळं तिकीट काढलं होतं. अमेरिकेहून मुंबईपर्यंत तो आपल्या सीटमध्ये झोपून आला. मुंबईहून पुढच्या विमानात मात्र कर्मचाऱ्यांनी ऐकलं नाही. "सगळ्या बायका मांडीवर घेतात, तुम्हीही घ्या" म्हणाले आणि सीट सामानात टाकली. पैसे पूर्ण घेतले, जागा रिकामी गेली आणि मूल मांडीवर! शिवाय सामानात आपटून अशा सीटला आतून तडा गेला, तर तो बाहेरून दिसत नाही.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेण्याची मुभा अमेरिकेतही आहे आणि आपल्याकडेही आहे. पण मुभा म्हणजे सुरक्षितता नव्हे. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं विमान सू सिटीला कोसळलं. त्यात चार मुलं मांडीवरची होती. जॅन ब्राउन ही मुख्य हवाईसेविका. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिनं आयांना मुलं पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं. त्यातलं एक मूल गेलं. त्याची आई त्याला शोधत परत आली, तेव्हा तिच्यासमोर हीच बाई उभी होती. पुढं ही जॅन ब्राउन प्रत्येक मुलाला स्वतःची सीट मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भांडत राहिली. विचार करा, विमान उडताना चहाची भांडी बांधतात, पिशव्या कप्प्यात कोंबतात, पुढ्यातलं टेबल मिटवतात. मोकळं राहतं ते फक्त मूल!

तिथल्या सरकारी विमान खात्यानं २००५ साली सक्ती नाकारली. कारण असं दिलं, की जादा तिकीट परवडलं नाही तर लोक मोटारीनं जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त माणसं मरतात. हे कारण मला खोटं वाटत नाही. पण त्याचा अर्थ काय? रस्ता जास्त धोक्याचा, म्हणजे विमानतळावर उतरल्यावर तर ती सीट हवीच हवी! आपण मात्र विमानाला घाबरतो आणि खानापूरच्या रस्त्यावर पोराला पुढच्या सीटवर मांडीत उभं करतो. तेच खातं आजही सांगतं, की विमानात मुलाची सर्वात सुरक्षित जागा म्हणजे मान्यता असलेली त्याची स्वतःची सीट. आपल्या विमानांत आईच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा देतात, तो अमेरिकेत चालत नाही. धक्का बसला की आईचं वजन मुलावरच येतं.

कुणी म्हणेल, हे परदेशी चोचले. तर ऐका. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय गाडीत नेल्यास चालकाला एक हजार रुपये दंड आहे. कायदा आपलाच आहे, पाळत नाही तेही आपणच.

कुणी म्हणेल, खर्च. बारशाला चांदीचे वाळे, पंचकल्याणकाच्या सवालात चढाओढ, तेव्हा आपण खर्च मोजतो का? विमानाचं जादा तिकीट प्रत्येकीला परवडणार नाही, हे मला कळतं. पण गाडीतली सीट बहुतेकींना परवडते. आणि मोठ्या बहिणीची धाकटीला सहज वापरता येते, फक्त ती अपघातातली नसावी.

आपण पाणी गाळून पितो. न दिसणाऱ्या जीवाला इजा नको म्हणून दिवे लागणीआधी जेवतो. चालताना पायाखाली बघा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं. यतना म्हणजे दुसरं काय? निष्काळजीपणानं जीव दुखावला तर "माझा हेतू नव्हता" म्हणून सुटका होत नाही, असंच आपल्याला सांगितलंय ना? मग पाण्यातल्या जीवाची काळजी करणाऱ्या आपण मांडीवरच्या जीवाबाबत इतक्या बेफिकीर कशा?

तेव्हा उद्या सून किंवा लेक खुर्ची घेऊन आली, तर हसू नका. रागावूही नका. पट्टा ओढायला हात लावा. मूल मागे बसवा आणि हवं तर शेजारी बसून त्याचा हात धरा. घरी पोचल्यावर मांडी आहेच की. ती कुठं पळून जात नाही.

जाऊबाई आता काय करतात सांगू? नातवाला सीटमध्ये बसवून पट्टा स्वतः ओढून बघतात आणि ह्यांना दम देतात, "भावजी, खट् आवाज आल्याशिवाय गाडी हलवायची नाही!"