चुकीनंतरची आवराआवर

संगणकावरील एखादी साधी आज्ञावली चुकली, तर ती बंद पडते. संगणक मात्र चालू राहतो. तिने व्यापलेली स्मृती आणि उघडलेल्या फायली कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, परत ताब्यात घेतो. पण चूक या गाभ्यातच घडली, तर मागे आवरणारे कोणीच उरत नाही. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. विंडोज संगणकांच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या एका संरक्षक आज्ञावलीला सदोष माहिती पुरविली गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. विमानसेवा व रुग्णालये यांचाही खोळंबा झाला. तेव्हा कर्नलमधील आज्ञावलीने संकटसमयी बाहेर कसे पडावे, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नव्हे.

लिनक्समध्ये २०१४ पासून 'ईबीपीएफ' नावाची सोय आहे. तिच्यायोगे लहान आज्ञावल्या कर्नलमध्ये चालविता येतात. तत्पूर्वी 'व्हेरिफायर' नावाचा परीक्षक त्यांच्या वाटा तपासून पाहतो. परंतु अमुक संख्या मर्यादेबाहेर जाणार नाही, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असले तरी परीक्षकास पटतेच असे नाही. जानेवारी २०२४ मधील ६.७ या आवृत्तीने त्यावर तोड काढली: गृहीत खोटे ठरल्यास आज्ञावलीने 'अपवाद' पुकारून तेथेच थांबावे.

हे थांबणे सोपे नसते. एक फंक्शन दुसऱ्यास बोलावते, दुसरे तिसऱ्यास. प्रत्येकाची टिपणे भाकरीच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचली जातात. हीच 'स्टॅक' होय. अपवाद घडताच ही चळत एकदम उतरविली जाते, आरंभी जपून ठेवलेली मूल्ये पूर्ववत केली जातात आणि कर्नलला एक ठरलेले उत्तर मिळते.

पण मध्यंतरी एखादे कुलूप लावलेले असेल तर? चळत उतरेल, कुलूप तसेच राहील आणि त्यासाठी खोळंबलेले सारे ताटकळत राहतील. म्हणून त्या आवृत्तीने दंडक घातला: हाती कुलूप किंवा परत न केलेले साधन असताना अपवाद पुकारू पाहणाऱ्या आज्ञावलीस परीक्षक प्रवेशच देणार नाही.

निकडीच्या वेळीच सुटकेची वाट बंद होते, ही या दंडकाविरुद्धची तक्रार खोटी नाही. तरीही आमच्या मते दंडक योग्यच आहे. त्यावरचा खरा उपाय बंधन सैल करण्यात नसून हिशेब पुरा करण्यात आहे. कोणत्या टप्प्यावर काय उसने घेतले आहे, हे परीक्षकास ठाऊक असते. त्या नोंदीवरून चळत उतरविताना प्रत्येक साधन परत करता येईल. अशी व्यवस्था सिद्ध होईपर्यंत नकार हाच सुज्ञपणा होय. सुटका करून घेणाऱ्याने दुसऱ्याला अडकवून जाऊ नये, एवढीच या नियमाची मागणी आहे.