विश्लेषण : टीबी बरा झाला, मग धाप का लागते?

सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या, थुंकीत जंतू आढळले नाहीत, कागदावर ‘बरा’ अशी नोंद झाली. तरीही दोन जिने चढले की धाप लागते, सकाळी खोकल्याची उबळ येते, पूर्वीसारखे ओझे उचलवत नाही. क्षयरोगातून उठलेल्या अनेकांची ही तक्रार असते आणि ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ एवढ्यावर तिची बोळवण होते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.

‘बरा’ म्हणजे नेमके काय?

सरकारी व्याख्येनुसार उपचाराअखेर थुंकीत जंतू नसणे म्हणजे बरे होणे. ही व्याख्या जंतूची आहे, फुप्फुसाची नाही. जंतू मरतात, पण त्यांनी पोखरलेल्या जागी व्रण, पोकळ्या आणि आकसलेला भाग उरतो. काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचतो आणि वारंवार संसर्ग होतो. हेच व्रण एक्स-रेमध्ये दिसले की पुन्हा टीबी झाल्याचा समज होऊन, थुंकीत जंतू नसतानाही, औषधे सुरू होण्याचा धोका असतो.

पुनर्वसनात काय करतात?

फुप्फुसातील व्रण व्यायामाने जात नाहीत, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. मग उपयोग काय? धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने आजारात आधीच झडलेले पायांचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या श्रमानेही धाप वाढते. पुनर्वसन हे चक्र तोडते. साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, देखरेखीखाली चालणे, खुर्चीवरून उठ-बस, हातापायांना ताकद देणारे व्यायाम, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडणे आणि साचलेला कफ बाहेर काढण्याचे तंत्र शिकवले जाते. जोडीला आहार आणि बिडी-सिगारेट सोडण्यासाठी मदत.

सुरुवातीला व शेवटी सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, हे मोजतात. त्यासाठी लागतो ३० मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. म्हणजे अडचण यंत्रांची नाही. अडचण फिजिओथेरपिस्टची आहे. ही सेवा मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांभोवती एकवटली आहे. गडचिरोली वा नंदुरबारच्या पाड्यावरच्या माणसाने रोजंदारी बुडवून आठवड्यातून तीनदा शहर गाठावे, ही अपेक्षाच चुकीची.

अडते कुठे?

उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाची पाहणी करावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण तिचा रोख टीबी उलटला का, यावर असतो. याच भेटींत चालण्याची चाचणी, शक्य तिथे स्पायरोमेट्री आणि गरज असेल त्याला व्यायाम, एवढी भर घालता येईल. व्यायाम एकदा नीट शिकवून पुढे घरी करून घेण्याचे काम गावपातळीवरचे प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी करू शकतात. पोषणासाठी मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, हे चांगलेच झाले, पण ही मदत उपचारापुरतीच. माथाडी कामगार, यंत्रमागावरचा कारागीर किंवा ऊसतोड मजूर यांच्यासाठी श्वास म्हणजेच मजुरी. गोळ्या संपल्या त्या दिवशी यांतले कोणी कामावर जाण्याइतके सावरलेले असतेच असे नाही. क्षयरोग निर्मूलनाच्या आकड्यांत या माणसांचा हिशेब कुठेच येत नाही.

रुग्णांनी काय करावे?

धाप किंवा खोकला टिकून असेल तर पुढच्या तपासणीत तो आपणहून सांगावा. जुने एक्स-रे आणि उपचाराचे कागद फेकू नयेत. नवा व्रण की जुना, हे त्यांवरूनच ठरते. व्यायाम मात्र तपासणीनंतरच सुरू करावा. खोकल्यातून रक्त पडले, छातीत दुखले किंवा ताप आला, तर तो थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.