हवामान नोंदींचे वितरण : संगणकाची पूर्वतयारी दुर्लक्षित नको

सप्टेंबर २०२२ च्या प्रारंभी झालेल्या अतिवृष्टीने बंगळुरूच्या महादेवपुरा विभागातील माहिती-तंत्रज्ञान संकुले, रस्ते व वसाहती जलमय झाल्या. एकाच शहरात पावसाचे प्रमाण भागागणिक किती वेगळे असू शकते, हे त्या वेळी प्रकर्षाने दिसले. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीपर्यंत पोहोचली असून ती दर १५ मिनिटांनी नोंदी पाठवितात. महाराष्ट्रातही ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ पातळीवर २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. मोजमापाची साधने वाढली, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्या नोंदी स्वीकारून पुढे पाठविणाऱ्या संगणकाच्या पूर्वतयारीकडे कृषी संशोधन संस्थांनी अद्याप पुरेसे गांभीर्याने पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

या पूर्वतयारीचे स्वरूप समजण्यासाठी अमेरिकेतील ‘युनिडेटा’ या संस्थेने विकसित केलेल्या ‘लोकल डेटा मॅनेजर’ अर्थात एलडीएम या आज्ञावलीचे उदाहरण उपयुक्त ठरेल. युनिक्स प्रणालीवर चालणारी ही आज्ञावली हवामानविषयक नोंदी एका संस्थेकडून दुसरीकडे तत्काळ पोहोचविते. तिच्या आवश्यकता खर्चिक नाहीत; मात्र त्या काटेकोर आहेत. आज्ञावली बांधण्यासाठी सी भाषेचा कंपायलर व काही ग्रंथालये लागतात. ती चालविण्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता खाते असावे. संस्थेच्या फायरवॉलमध्ये ३८८ क्रमांकाचे पोर्ट खुले असावे. आलेल्या नोंदींची रांग संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असावी, नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर नसावी. किमान तासाभराच्या नोंदी मावतील एवढी ती रांग मोठी असावी आणि तिला पुरेल इतकी स्मृती संगणकात असावी.

सर्वांत महत्त्वाची अट घड्याळाची आहे. संगणकाचे घड्याळ प्रमाणवेळेशी सतत जुळलेले नसेल, तर ताजी नोंदही शिळी समजून नाकारली जाऊ शकते. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी ८.३० वाजता, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ३.०० वाजता संपतो. घड्याळ वीस मिनिटे पुढे असल्यास सव्वाआठच्या सरीची नोंद दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत दैनंदिन पाऊस व तापमान यांच्या निकषांवर भरपाई ठरते. तेथे अशा एका चुकीची किंमत द्राक्ष वा डाळिंब बागायतदाराला मोजावी लागू शकते.

‘हे सर्व क्लाउडवर सोपविले की प्रश्न मिटला,’ असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. भाड्याच्या संगणकालाही पुरेशी स्मृती, खुले पोर्ट व योग्य डिस्क निवडूनच द्यावी लागते, आणि नोंद मुळात चुकीच्या वेळेचा शिक्का घेऊन आली असेल, तर क्लाउड ती दुरुस्त करीत नाही. शिवाय, रांग का थांबली, डिस्क का भरली, हे पाहणारी व्यक्ती हवीच. २०२४ मध्ये जिल्हा कृषी हवामान एकके बंद झाल्यानंतर सल्लासेवेचा भार उरलेल्या केंद्रांवर आला आहे. अशा वेळी नोंदींचा प्रवाह खंडित होणे अधिक महागात पडेल.

म्हणून कृषी विद्यापीठे व संशोधन केंद्रांनी तीन गोष्टी कराव्यात. सर्व्हर खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावास आज्ञावलीच्या आवश्यकतांचे एक पानी पत्रक जोडावे व त्याची पूर्तता तपासल्याशिवाय देयक मंजूर करू नये. युनिक्स हाताळू शकणाऱ्या किमान दोन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, जेणेकरून एकाची बदली झाली तरी काम थांबणार नाही. घड्याळ, डिस्क व रांग यांची तपासणी दररोज करून तिची नोंद ठेवावी.

पर्जन्यमापकाची जागा निवडताना झाड किंवा भिंत किती अंतरावर आहे, हे आपण काळजीपूर्वक पाहतो. तीच काळजी नोंद स्वीकारणाऱ्या संगणकाबाबत घेतली गेली, तरच शिवारातील पावसाचे मोजमाप शेतकऱ्याच्या निर्णयास वेळेवर उपयोगी पडेल.