फ्लॉरेन्सची छत्री

सहलकंपन्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ग्राहक मागत नाही ते कोणी कशाला दाखवील?

मराठी मंडळींच्या गटाबरोबर मी फ्लॉरेन्सला गेलो होतो. ब्रुनेलेस्कीचा घुमट, चौकातील 'डेव्हिड'ची प्रतिकृती, जुना पूल, सारे धावतपळत उरकले. चामडी वस्तूंच्या दुकानाला मात्र पाऊण तास मिळाला.

याच शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना निवर्तले. वय अवघे २० वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधींनुसार त्यांचे दहन झाले. तेथे, काशिने उद्यानाच्या टोकाला, १८७४ साली उभारलेली छत्री व त्याखालील अर्धपुतळा आजही आहे. शेजारचा पूल त्यावरूनच 'भारतीयाचा पूल' म्हणून ओळखला जातो.

तेथे नेण्याची विनंती मी सहलप्रमुखास केली. 'कार्यक्रमात नाही,' हे उत्तर अपेक्षितच होते. मन विषण्ण झाले ते सहप्रवाशांच्या उद्गारांनी : 'कशाला उगाच? जेवायला उशीर होईल!'

आम्ही इंदूरकर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांविषयी अभिमानाने बोलतो. महाराष्ट्राबाहेर राहून इतिहास जपला, असे व्यासपीठावरून सांगतो. तो अभिमान भोजनाच्या घंटेपुढे टिकत नसेल, तर त्याची किंमत काय? परक्या नगराने दीडशे वर्षे सांभाळलेल्या आपल्या राजाच्या स्मारकासाठी आपल्यापाशी एक तासही नसावा?

यापुढे जाणाऱ्यांनी एवढे करावे : पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेत ती छत्री लेखी नोंदवून घ्यावी. तोंडी आश्वासनांचे काय होते, हे शासकीय सेवेत मी पुरेसे पाहिले आहे.